मांडाबाहेर गेलेलं सोंग

पेडणे
१० सप्टेंबर २०२५

चि. सुविधास,

आशीर्वाद आहेच, तो शेवटी घे. आधी खालचं वाच.

मला फोनवर ऐकू येत नाही, आणि तुझ्या आईला सांगितलेलं तुझ्यापर्यंत पोचेतो त्याची पेज होते. म्हणून हे पत्र. मराठी शाळेच्या चार बुकांवर शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागेल तसं वाच.

उषाला सर्वेशने घराबाहेर काढलं. उषा कोण ते विसरली नसशील. जानकीची सून, चंदगडची. तीन पौषांमागे तुझ्या अभ्यासासाठी धालोंचं सगळं टिपून घ्यायला आली होतीस, तेव्हा तिच्यासोबत तू आपल्या सोप्यावर मशीन लावून बसली होतीस. तिने तुला नाचण्याची भाकरी करून घातली होती आणि तू अर्धी टाकलीस.

झालं ते असं. गणपती पोचवून सर्वेश कामावर गेला. तुयेच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत चंदगडकडची पोरं मोबाईलवर काहीतरी ऐकून लोळत होती. आमच्या भागातली बाई बघा कशी बोलते, म्हणून एकाने याच्याही कानाला लावलं. ती उषा. मांडावरचं तिचं सोंग.

मांड म्हणजे काय ते हैदराबादेत विसरायला झालं असेल तर आठवण देते. पौषात बायकांचे धालो, रात्रीची गाणी आणि नाच, होतात ती जागा. शेवटच्या दिवशी तिथे पुरुषाची सावली नसते. बायका नवऱ्याची पँट चढवतात, काजळाच्या मिश्या काढतात आणि घोवांची सोंगं घेतात. वर्षभर जे गिळतात ते तिथे ओकतात आणि मांड सारवून घरी जातात. तिथलं कोणी बाहेर बोलत नाही. माझ्या सासूच्या आधीपासून कोणी बोललेलं नाही.

उषाने त्या वर्षी, तुझी मशीन मांडावर चालू असताना, सर्वेशचं सोंग घेतलं होतं. मुलगा हवा म्हणून देवळोदेवळी नवस बोलत फिरणारा सर्वेश. मग मिशी पुसून तिच्या चंदगडी बोलीत म्हणाली, "बाबा नांगर मारूलालाय, पर शेत कवाच सरकारजमा झालंय त्येला म्हाईत न्हाई." म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. धाकटीच्या वेळेला माहेरी बाळंतपणाला गेली तेव्हाच ती ऑपरेशन करून आली होती. बायका हसून हसून जमिनीवर पडल्या. मीही.

ते आता कारखान्यात वाजतं. सर्वेशने मारलं नाही. डबा तसाच घेऊन घरी आला, तिची पिशवी भरली आणि म्हापशाच्या स्टँडवर नेऊन चंदगडच्या गाडीत बसवून आला. दोन्ही मुली ठेवून घेतल्या. म्हणतो, दुसरं लग्न करीन आणि मुलींना तिचं तोंड दाखवणार नाही. थोरली वर्षा शाळेतून आली की रस्त्यावर जाऊन उभी राहते. धाकटी आपल्याकडे येते, पेज पिते आणि विचारते, आई बाजारातून कधी येणार.

मला एवढंच सांग. तुझ्या मशीनमधलं हे कोणाच्या हाती गेलं? तू कोणाला दिलं असशील असं मला वाटत नाही. मांडावर कोणी मोबाईल लपवून आणला असेल तर तिला मी बघून घेते. मुली आईकडे गेल्या पाहिजेत, नाहीतर आई मुलींकडे आली पाहिजे. मधलं काही मला नको.

तुझी आजी
सत्यवती


हैदराबाद
१७ सप्टेंबर २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र वाचलं. उषावहिनीचा फोन लावून पाहिला, बंद आहे. ती माहेरी नीट पोचली का? तिच्याजवळ कोण आहे?

मी ते ध्वनिमुद्रण कोणालाही पाठवलेलं नाही. देवाशपथ. माझ्या फोनवरून, माझ्या हातून ते कारखान्यातल्या कोणाकडे जाणं शक्यच नाही. उषावहिनीचं नावही मी कुठे लिहिलेलं नाही, सगळीकडे फक्त "उ." असं आहे.

त्या दिवशी मांडावर कोणाकडे मोबाईल होता ते तूच आठवून बघ. वाड्यावरची संजना सतत फोटो काढत होती असं मला आठवतं. मी तिच्यावर आळ घेत नाही, पण विचारायला हरकत नाही.

सर्वेशदादाला कोणीतरी शांतपणे समजावलं पाहिजे. मुलींसाठी तरी. माझी इथली नोकरी अजून पक्की नाही, डिसेंबरात कायम करायचं ठरेल, तोपर्यंत मला रजा मिळणं कठीण आहे. नाहीतर मी आलेच असते.

औषधं वेळेवर घे.

तुझी
सुविधा


पेडणे
२५ सप्टेंबर २०२५

सुविधा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी संजनाच्या दारात गेले. पाववाला पोदेर उंडे देत होता, चार बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोर मी तिला म्हटलं, मांडावरचं विकून खाल्लंस, आता उंडे कशाला घेतेस. ती पोर मागे वळली. टोपली तिथेच ठेवून आत गेली.

संध्याकाळी ती आपल्या सोप्यावर आली. मोबाईल माझ्या पुढ्यात धरला आणि म्हणाली, "आजये, चार बायकांत तू माका मान खाली घालूक लावलंस. आता तुझो चष्मो घाल आणि ह्यो फोटो कोणाचो ता सांग."

तुझा. निळा ड्रेस, केस कापलेले. खाली सगळं इंग्रजी, मला लागत नाही. पण त्याच्या खाली एक बटण, आणि ते दाबलं की उषा बोलते. संजनाने दाबलं आणि आवाज मोठा केला, मला ऐकू यावा म्हणून. माझं हसणं ऐकलं मी त्यात.

संजना म्हणाली, हे कोणी चोरलेलं नाही, हे तुझ्या नातीने जगाला वाटलंय. फुकट. कोणीही घ्या, कोणीही वाजवा, असं त्याच्यावर लिहिलंय म्हणे.

तू मला लिहिलंस, मी कोणालाही पाठवलेलं नाही. पाठवलं नाहीस हे खरंच असेल. चव्हाट्यावर मांडून ठेवलं की पाठवावं लागत नाही. आणि देव कशाला मध्ये आणलास? आणि वर संजनाचं नाव घेतलंस. ते नाव घेताना तुला ठाऊक होतं की नव्हतं, एवढं एकाच ओळीत लिही. लांब लिहायची सवय तुला आहे, ती इथे नको.

मी समजत होते, विद्यापीठात जातं ते कपाटात जातं. तुझा प्रबंध जाडजूड पुठ्ठ्यात बांधून आणलास, आपण सगळ्यांनी त्याला हळदकुंकू लावलं. असलं पुस्तक कोण उघडणार, असं त्याआधीच मी बायकांना सांगितलं होतं. म्हणून त्या तुझ्या मशीनपुढे बोलल्या.

उषाचा निरोप आला. सर्वेशच्या घरून कोणी फोन घेत नाही. माहेरात भावजय आहे, ती हिला किती दिवस ठेवणार. धाकटीला ताप आहे.

आधी ते काढून टाक. आज.

सत्यवती


हैदराबाद
३ ऑक्टोबर २०२५

आजी,

ठाऊक होतं. एका ओळीत मागितलंस, ती ही ओळ.

आता लांब लिहू दे, नाहीतर तुला काहीच कळणार नाही.

एम.ए.ला असताना मला आपल्या धालोंवरचा एक लेख हवा होता. परदेशातल्या एका बाईंनी लिहिलेला. त्या आपल्याच वाड्यावर येऊन राहिल्या होत्या, तू मला सांगितलं होतंस. लेखात तुझं नाव असणार होतं, माझ्या पणजीचंही. तो वाचायला पैसे भरावे लागत, आणि इतके की आमच्या कॉलेजालाही परवडत नव्हते. आमच्या मांडाबद्दल लंडनमधला कोणीही वाचू शकत होता आणि मला दारातूनच परत पाठवलं जात होतं. मी तेव्हा ठरवलं, माझं जे काही असेल ते मी असं कोंडून ठेवणार नाही.

आता सगळीकडे तीच चळवळ आहे. लोकांच्या पैशातून झालेलं संशोधन लोकांना फुकट वाचता आलं पाहिजे, असं म्हणतात. मी भाषणं केली आहेत त्यावर. माझा लेख ज्या जर्नलमध्ये आला ते असं उघडं जर्नल आहे. लेखच नाही, त्यामागची ध्वनिमुद्रणंही तिथे ठेवावी लागतात, म्हणजे कोणालाही तपासता येतं. मला अभिमान वाटला होता. आजीचा आवाज आता कोणीही ऐकेल असं वाटलं होतं.

उषावहिनीची सही माझ्याकडे आहे. मी तिला कागद वाचून दाखवला होता. "अभ्यासासाठी वापरू का" इथपर्यंत वाचला. शेवटची ओळ होती की हे सर्वांसाठी खुलं राहील. ती इंग्रजीत होती, गाडीची वेळ झाली होती, मी ती वाचली नाही. ती म्हणाली, "तू आपलीच हाईस," आणि सही केली.

मी जर्नलला लिहिलं. त्यांनी आवाज उतरवायचं मान्य केलं आहे, समितीपुढे जाईल, वेळ लागेल. पण आजी, ते उतरवून उपयोग नाही. ज्या परवान्याखाली मी ते दिलं, तो मागे घेता येत नाही. कोणीही उतरवून घेऊ शकतो, दुसरीकडे ठेवू शकतो, फक्त माझं नाव द्यायचं. तसं झालंय. मला आतापर्यंत चार ठिकाणी ते सापडलं. एका परदेशी माणसाने त्यावर वाद्यं वाजवली आहेत.

मी काय करू ते तू सांग. तू सांगशील ते करीन.

सुविधा


पेडणे
१२ ऑक्टोबर २०२५

सुविधा,

ती परदेशी बाई मला आठवते. महिनाभर होती. शेवटच्या दिवशी सोंग सुरू झालं तशी तिने आपली मशीन बंद केली आणि बाहेर जाऊन बसली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने कोंडून ठेवलं आणि तू उघडं टाकलंस, पण एक सांग, उघडं टाकायला ते तुझं होतं? तुझं ते तुझ्याकडे होतंच की. तुझा घोव नाही, तुझं सोंग नाही. दुसरीच्या पोटातलं काढून तू दान केलंस आणि पुण्य आपल्या नावावर लावलंस.

असो. भांडायला वेळ नाही. ऐक.

मी सर्वेशला गाठलं. सकाळी बाईक काढत होता, पुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, सोंग म्हणजे काय ते तुला ठाऊक नाही का रे? मी गेल्या साली माझ्या घोवाचं सोंग घेतलं तेव्हा तो दारूच्या पिंपात पडून मेला असं दाखवलं. तो मेला हृदय बंद पडून, इस्पितळात. मांडावर बायका खोटं बोलतात, जितकं मोठं खोटं तितकं मोठं हसू. तो म्हणाला, "म्हणजे ऑपरेशन झालेलं नाही?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी काय तिच्या पोटात गेले होते? सोंग होतं एवढं मला ठाऊक. त्याने लावलेली बाईकची चावी परत काढली. त्याला मानायचं आहे गो. बायकोवाचून त्याचे हाल आहेत, मुली त्याच्याशी बोलत नाहीत. त्याला धरायला एक काठी द्या कोणीतरी, तो धरील.

जानकीने सांगितलं तर लगेच धरील. आणि जानकीचं तुला सांगते, कोणाला बोलू नको. त्या दिवशी ती मांडावर होती. पहिल्या रांगेत. सुनेने तिच्याच मुलाचं सोंग घेतलं, शेत सरकारजमा झालं म्हणाली, आणि सगळ्यांत मोठ्याने हसली ती जानकी. तीन वर्षं तिला ठाऊक आहे. तीन वर्षं ती मुलासोबत नवसाचे नारळ घेऊन देवळात जाते. घरी एक शब्द नाही, सुनेला एक टोमणा नाही. मांडावरचं मांडावर.

मी तिला म्हटलं, सांग मुलाला, मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले, तूही बस. ती म्हणाली, "मांडार मी बायल, सत्यवती. घरात मी तेची आवय. आता ह्यां घरात इलां, आता माका बायल होवन चालाचा नाय." मांडावर बाई, घरात आई, एवढं बोलून रडली. जानकी रडताना मी पहिल्यांदा बघितली. बघण्यासारखं नाही.

तेव्हा ती खरं सांगणार नाही, पण खोट्याला मान डोलावील. तू विद्यापीठाच्या छापील कागदावर लिहून पाठव की ते निव्वळ सोंग होतं, त्यात खरं काही नव्हतं. शिक्का मार. सर्वेशला शिक्का लागतो.

दिवाळीपर्यंत पाठव.

सत्यवती


हैदराबाद
२० ऑक्टोबर २०२५

आजी,

तसा कागद पाठवून चालणार नाही. का ते लिहायला मन धजत नाही.

सोंगानंतर दुसऱ्या दिवशी मी उषावहिनीशी सोप्यावर बोलले, तू म्हणतेस तोच दिवस. मी तिला विचारलं की सोंगातलं किती खरं. तिने सगळं सांगितलं. कोणत्या वर्षी, कुठे, आईने सही कशी केली, घरी येऊन टाके कसे लपवले. तो आवाज मी तिथे ठेवला नाही, पण तिचे शब्द लेखात घातले आहेत. माझा सगळा मुद्दाच तो होता की सोंग हे खोटं नसतं, बायका त्यातून खरं सांगतात. त्याच लेखावर माझी निवड झाली.

तो लेख इंग्रजीत आहे म्हणून वाड्यावर कोणी वाचलेला नाही. पण आवाजाच्या वरच तो आहे, उघडा. ज्याला इंग्रजी येतं त्याने तीन पानं पुढे जायचं आहे.

मी लेख मागे घ्यायचं विचारलं. कारण नसताना मागे घेता येत नाही. चूक असेल तर घेता येतो. चूक नाहीये, आजी. सगळं खरं आहे.

सुविधा


पेडणे
२८ ऑक्टोबर २०२५

सुविधा,

जानकीचा भाऊ साखळी गावाला असतो, निवृत्त मास्तर. इंग्रजी शिकवायचा. तुळशीच्या लग्नाला तो बहिणीकडे येतो. यंदा सर्वेशने त्याला मुद्दाम सांगितलंय, मामा, तो लेख मला वाचून दाखव.

तेव्हा आता शिक्क्याचा कागद नको. चूक असेल तर मागे घेता येतो म्हणालीस. मग चूक आहे असं सांग. सांग की उषा असं काही बोललीच नव्हती, मी मनाने रचलं. मोठं नाव व्हावं म्हणून रचलं. जिथे ते उघडं टाकलंस तिथेच हे उघडं टाक, मास्तरला वाचता येईल असं.

तुझी नोकरी जाईल. पुन्हा तुझ्या नावावर कोणी विश्वास ठेवणार नाही. तुझी आई वर्षभर माझ्याशी बोलणार नाही. सगळं मला कळतं, मी म्हातारी आहे, खुळी नाही. तुला दुसरी नोकरी मिळेल, शिकवण्या घेशील, बँकेत बसशील. उषाला दुसऱ्या मुली नाहीत, आणि होणारही नाहीत.

तू सांगशील ते करीन असं लिहिलं होतंस. मी सांगितलं.

सत्यवती


पेडणे
१४ नोव्हेंबर २०२५

सुविधा,

तुझं काही आलं नाही. मास्तर आला होता. लेख वाचला. उजेडासाठी जनेल उघडलं, तिथे कदेल ओढून बसला आणि एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं, सर्वेश उभा. वाचताना मास्तर मधेच म्हणाला की मुलीने लिहिलंय मात्र सुंदर.

सर्वेशने उषाचे कपडे खळ्यात आणून जाळले. लग्नाचा फोटोही सोडला नाही. पौष सरला की सावंतवाडीकडची एक मुलगी बघायला जाणार आहेत. वर्षाने शाळेत जायचं बंद केलं. उषाच्या भावाचा निरोप आला की ती दोनदा विहिरीवर जाऊन बसली होती, तिच्यावर लक्ष ठेवायला माणूस नाही.

मी यापुढे तुला काही सांगत नाही. जे कळवायचं ते कळवलं.

सत्यवती


हैदराबाद
९ डिसेंबर २०२५

आजी,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली होती. पहिलं मी महिनाभर पर्समध्ये घेऊन फिरले. उत्तर लिहायला बसायची आणि जर्नलच्या पानावर जाऊन लेख किती जणांनी वाचला ते बघायची. हे तुला सांगायला नको होतं, पण आता लपवून काय करू.

काल ते निवेदन आलं. "उ. या स्त्रीची मुलाखत प्रत्यक्षात झालेली नसून लेखिकेने ती रचली असल्याचे तिने स्वतः कबूल केले आहे. ध्वनिमुद्रणातील भाग हा धालोंमधील कल्पित सोंगाचा आहे. लेख मागे घेण्यात येत आहे." वर माझं पूर्ण नाव. निवेदनही उघडं आहे, कोणालाही वाचता येतं. मास्तरांना ते सोबतच्या चिठ्ठीतल्या पत्त्यावर सापडेल. मराठीतही करून ठेवलंय.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मुलाखतीची टेप तीन वर्षांपूर्वी स्वतः ऐकली होती. त्यांनी बोलावून विचारलं, "सुविधा, हे खोटं तू का बोलतेस?"  कारण सांगितलं असतं तर ते पुन्हा खरं झालं असतं. त्यांनी ती टेप माझ्या हातात दिली आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

जानेवारीपासून मला येऊ नको म्हणून सांगितलंय. दिलेली पदवी काढायची का, त्यावर विद्यापीठ बसणार आहे.

सोंगाचा आवाज अजून इकडेतिकडे आहेच. तो मला कुठूनही पुसता येत नाही. उषावहिनी कशी आहे एवढं कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

सुविधा


पेडणे
१८ जानेवारी २०२६

चि. सुविधास,

पौष आज-उद्या संपेल, म्हणून आज लिहायला बसले.

तुझा कागद घेऊन मी थेट जानकीकडे गेले. मास्तरला फोन लावून आवाज मोठा करायला सांगितला. त्याने मोबाईलवर सगळं शोधून वाचलं आणि फोनवरच इतका खूश झाला की काय सांगू. म्हणे, मला तेव्हाच वाटलं होतं, इतकं सुंदर कोणी खरं लिहीत नाही. सर्वेश जेवत होता. हात तसाच ताटात.

मग जानकी बोलली. मुलाशी बोलत होती आणि बघत माझ्याकडे होती. "मी थंयच होतंय. सोंग होतां ता. शिकलेल्या चेडवान आपल्या पोटासाठी खरां म्हणून छापलां. आमच्या उषाक इतकी अक्कल खंयची." त्यातला शब्द न् शब्द खोटा आहे हे तिला ठाऊक, मला ठाऊक, पाणी घेऊन उभी होती त्या वर्षाला ठाऊक की काय, मला सांगता येत नाही. नऊ वर्षांच्या पोरीकडे बघून मला तेव्हा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सर्वेश चंदगडला गेला आणि उषाला घेऊन आला. वाळली आहे. पिशवी ठेवून आधी धाकटीचे केस विंचरायला बसली. जळालेल्या कपड्यांबद्दल कोणी बोलत नाही. सर्वेश पुन्हा नवस बोलायला लागलाय, येत्या सोमवारी कुठेतरी जाणार आहेत दोघं. जानकीने नारळ काढून ठेवलेत. असंच चालणार. किती दिवस ते विचारू नको. मुलींना आई मिळाली, तेवढंच मी मागितलं होतं.

संजनाकडे दोन नारळ आणि एक भोपळा देऊन आले. माफी मागायला मला येत नाही. तिने भोपळा घेतला, नारळ परत पाठवले.

वाड्यावर तुझं नाव खोटारडी असं पडलंय. पोदेर सुद्धा विचारतो, ती खोटं छापणारी तुमचीच का. मी हो म्हणते आणि उंडे मोजून घेते. तुझी आई जनेल लावून बसते. मी तिला खरं सांगितलेलं नाही, तूही सांगू नको. एकीला सांगितलं की ते पुन्हा उघडं झालं.

धालो झाले. मोबाईल सगळ्यांनी घरी ठेवले. उषा आली, मांडावर रांगेत उभी राहिली, पुढेमागे झाली. ओठ हलले नाहीत तिचे. शेवटच्या दिवशी मी म्हटलं, कोण घेतंय सोंग? सगळ्या एकमेकींच्या पायांकडे बघत राहिल्या. जानकीने काजळाची डबी आणली होती, ती तिने कमरेला खोचली. माझ्या जन्मात पहिल्यांदा मांड सोंगावाचून सारवला.

तुझी पेटी भर आणि घरी ये. भात आहे, खाट आहे, तुझ्या आजोबांची खोली मी झाडून घेतली आहे. तू केलंस ते दुसऱ्या कोणी केलं नसतं. आधी केलंस तेही.

पण मांडावर येऊ नको. यंदा नाही, पुढच्या साली नाही, लग्न होऊन इथेच राहिलीस तरी नाही. बायकांनी काल असं ठरवलं. हात वर करा म्हटलं, तर कोणी करेना, तू माझी नात म्हणून.

तेव्हा पहिला हात मी वर केला.

तुझी आजी
सत्यवती